कुणाची नजरचूक

"नाक सांग," मामंजी म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

"नाक उभं आहे. वरच्या कडेला किंचित गोलाई. जाळीच्या पट्ट्या उभ्या, चिखलाने अर्ध्या झाकल्यात."

"बॉनेटला फटी?"

"आहेत. एका ओळीत. मोजू?"

"मोज की. मग बसलीयेस कशाला?"

सूनबाईने भिंग धरून फटी मोजल्या. मग चाकाचे नट मोजले, मडगार्डची कड कुठे वळते ते सांगितलं. फोटो पत्त्याएवढा होता. त्यात एक लष्करी ट्रक खड्ड्यात कलंडला होता आणि एक जर्मन सैनिक त्याला रेलून सिगारेट ओढत होता. ऐंशी वर्षांपूर्वीचा हा माणूस बरोब्बर कारखान्याच्या नावाच्या पट्टीवर कोपर ठेवून उभा होता.

"सैनिक मध्ये येतोय," ती म्हणाली.

"येणारच. जग जिंकायला निघाले होते आणि धड दोन पायांवर उभं राहता येत नव्हतं एकाला. कायम कशाला तरी टेकलेले. सोड त्याला. हौदा सांग."

तिने हौदा सांगितला आणि दाराच्या बिजागऱ्या मुद्दाम शेवटी ठेवल्या. खरं तर फटी मोजता मोजताच तिने गाडी ओळखली होती. पण ते बोलायचं नव्हतं. बिजागऱ्या ऐकल्याबरोबर मामंजींनी खुर्चीच्या हातावर थाप मारली, कारखान्याचं नाव घेतलं, साल घेतलं, अशा गाड्या किती कमी निघाल्या ते सांगितलं, आणि चेहरा असा काही उजळला की सकाळची औषधं घेताना कुरकुर करणारा तो हाच म्हातारा यावर कुणाचा विश्वास बसला नसता.

"काय?" ते म्हणाले. "आहे की नाही?"

"आहे ना," सूनबाई म्हणाली आणि तिने टाइप करायला घेतलं.

मामंजी म्हणजे या विषयातले शेवटचे न्यायाधीश. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लष्कराच्या त्या गाड्या, ज्यांना कुणी विचारत नाही, त्यांच्यावरचे तीन जाडजूड खंड मामंजींच्या नावावर होते, चौथा चालू होता. ओपेल ब्लिट्झ कुणीही ओळखतं. ती ओळखणाऱ्याकडे मामंजी ढुंकूनही बघत नसत. त्यांचा जीव आडबाजूच्या गाड्यांत: जिंकलेल्या देशांतून उचलून आणलेल्या, बंद पडलेल्या छोट्या कारखान्यांच्या, दोन गाड्यांची मोडतोड जोडून तिसरी केलेल्या. जगाच्या पाठीवर कुठेतरी कुणाच्या तरी माळ्यावर आल्बम सापडतो, त्यात एक ट्रक असतो, आणि तो फोटो फिरत फिरत या घरी येतो. आठवडाभरात उत्तर जातं. मामंजींनी ओळखलं म्हणजे वाद मिटला.

आणि या माणसाला सहा वर्षांपासून फोटो दिसत नव्हते.

कडेकडेचं दिसायचं. चहाचा कप दिसायचा, दार दिसायचं, अंगणातल्या पायऱ्या ते धडाधड उतरायचे. पण ज्याच्याकडे नीट बघायला जावं तेच नेमकं पुसलं जायचं. म्हणून ते माणसांकडे मान वाकडी करून बघत. पाहुण्यांना वाटे, विद्वत्तेचा तोरा आहे. मामंजींनी तो समज सुखाने राहू दिला.

सूनबाईच्या लक्षात आलं ते एका दुपारी. चहा घेऊन ती मागच्या खोलीत गेली, तर मामंजी एक फोटो डोळ्यांपुढे धरून "वा, वा, छान" असं पुटपुटत होते. फोटो उलटा होता. ट्रकची चाकं आभाळात. तिने कप ठेवला, फोटो त्यांच्या हातातून काढून सुलटा केला आणि परत दिला. तो मांडीवर पालथा ठेवून मामंजी म्हणाले, "हे या खोलीबाहेर जायला नको." मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "तिसरा खंड पुरा होईपर्यंत. चार महिने."

ती तेव्हा पंपांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होती. यंत्राचे भाग वरून, समोरून आणि बाजूने कसे दिसतात ते काढणं हाच तिचा धंदा. तिच्याइतकं सरळ वर्णन करणारं माणूस मामंजींना शोधूनही सापडलं नसतं, आणि ही तर घरातच, आयती. सासूबाई जाऊन वर्षही झालं नव्हतं. नवरा पुलांच्या कामावर, शनिवारी येणार आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने जाणार. "चार महिन्यांचा तर प्रश्न आहे," तो म्हणाला. बाबांचे डोळे जरा अधू झालेत एवढंच त्याला माहीत होतं. तिने चार महिन्यांची बिनपगारी रजा घेतली. मग ती वाढवली. मग कारखान्याने तिच्या टेबलावर दुसरीला बसवलं.

मागच्या खोलीची खिडकी बंद असे, उन्हाने फोटो फिके पडतात म्हणून. दार बंद असे, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. रोज सकाळी नऊ ते एक आणि दुपारी तीन ते सहा ती त्या खोलीत बसून नाकं, चाकं आणि दारं सांगायची. पुढे पुढे तिला सवयच जडली. बसथांब्यावर उभी असली तरी समोरच्या बाईचं मनातल्या मनात चालू: चेहरा लांबट, डावी पिशवी जड, म्हणून खांदा उतरलेला. नवरा दारातून आत आला की समोरून, किंचित पुढे झुकलेला, बॉनेट सुटलेलं. एकदा हे तिने त्याला सांगितलंही. तो हसला नाही.

स्वतःचं वर्णन मात्र तिने कधी केलं नव्हतं. त्रेचाळिसावं लागलं होतं.

त्या आठवड्यात सोमवारी एका मोठ्या शहरातल्या संग्रहालयाची मेल आली. प्रमुख बाईंनी लिहिलं होतं की त्यांच्याकडे चार हजार फोटोंच्या पेट्या आल्या आहेत, सगळे युद्धातल्या वाहनांचे, बहुतेक बिननावाचे. दोन वर्षांसाठी जाणकार माणूस हवा आहे, राहायची सोय आहे. आपल्या वयात आपण इथे यावं अशी विनंती करणं बरं नव्हे. पण आपल्या हाताखाली कुणी तयार झालं असेल तर त्यांचं नाव कळवावं. आपला शब्द पुरेसा आहे.

सूनबाईने हे मामंजींना वाचून दाखवलं. वाचताना आवाज अगदी सपाट ठेवला. उंच छताची, मोठ्या खिडक्यांची खोली तिला दिसली, आणि तिथे तोंडाने काही न बोलता नुसतं बघणारी ती. सहा वर्षांत तिने एकही फोटो गप्प बसून पाहिला नव्हता.

"लिही," मामंजी म्हणाले. "आपलं पत्र मिळालं, आनंद झाला वगैरे. पेट्या उन्हात ठेवू नयेत. आल्बममधून फोटो सुटे करू नयेत, मागच्या ओळी जपाव्यात. आणि शेवटी लिही: खेद वाटतो, माझ्या हाताखाली कुणी तयार झालेलं नाही."

तिची बोटं थांबली.

"लिहिलंस?"

"लिहितेय."

"कुणी तयार झालेलं नाही," त्यांनी पुन्हा सांगितलं, हळू आणि स्पष्ट, टाइप करणाऱ्याला सांगतात तसं.

तिला वाटेल ते लिहिता आलं असतं. पडद्यावर काय उमटतंय ते त्या म्हाताऱ्याला जन्मात दिसलं नसतं. तिने तिथे स्वतःचं नाव घातलं असतं, चार ओळींत स्वतःची स्तुती केली असती, तरी ते "छान" म्हणाले असते. आणि म्हणूनच तिला एक अक्षर बदलता येईना. दिसत असलेल्या माणसाला फसवणं वेगळं. तिने सांगितलं तसं टाइप केलं, पूर्ण वाचून दाखवलं आणि पाठवून दिलं. मग स्वयंपाकघरात जाऊन तिने सिंकमध्ये नळ सोडला आणि तो वाहत असेपर्यंत काय ते रडून घेतलं.

शनिवारी तिने नवऱ्याकडे विषय काढला. असं असं पद आहे, दोन वर्षं, मला जायचंय.

"चांगलंच आहे," तो बुटाची नाडी सोडवत म्हणाला. "पण बाबांचं काय?"

"त्यांचं बघू काहीतरी."

"बघू म्हणजे कोण?"

या प्रश्नाला या घरात एकच उत्तर होतं आणि ते त्याच्यासमोर उभं होतं. तो वाईट माणूस नव्हता. नुसता शनिवार-रविवारचा माणूस होता, आणि त्याच्या हिशेबी घर व्यवस्थित चाललं होतं. तिने त्याच्या हातातून डबा घेतला आणि घासायला टाकला.

पुढच्या बुधवारी टपालाने एक लिफाफा आला. अक्षर शाळेतल्यासारखं गोल गोल. मामंजी अंघोळीला गेले होते. सूनबाईने उभ्याउभ्याच वाचलं.

"महोदय, मी निवृत्त शिंपी आहे. मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही. माझे मेहुणे आपले भक्त आहेत. त्यांच्याकडे आपला तिसरा खंड चाळत होतो. नोंद क्रमांक २१७ चा फोटो पाहिला आणि थबकलो. त्यातल्या सैनिकाच्या कोटाची बटणं बायकांच्या बाजूला आहेत. असा कोट कुठल्याही लष्कराचा शिंपी शिवणार नाही, मार खाईल. शंका आली म्हणून तिन्ही खंडांतले सगळे सैनिक तपासले. छातीवरचा गरुड सगळ्यांच्या उजव्या खिशावर आहे. या एकट्याच्याच डाव्या. माझ्या अल्पबुद्धीप्रमाणे फोटो आरशातल्यासारखा उलटा छापला आहे. तसं असेल तर ट्रकचं स्टिअरिंगही दुसऱ्या बाजूला जाईल, त्याने काही फरक पडतो का? राग मानू नये. खाली नातवाचा मेल पत्ता देतो आहे."

सूनबाई स्टुलावर बसली. फरक? सगळा फरक त्यानेच पडत होता.

सुरुवातीच्या दिवसांत त्यांची डाव्या-उजव्याची बोली ठरलेली नव्हती. गाडीच्या धंद्यात डावं म्हणजे ड्रायव्हरचं डावं. त्याच्या जागी बसून बघायचं. तिला हे ठाऊक नव्हतं. ट्रक समोरून होता, स्टिअरिंग तिला उजवीकडे दिसलं आणि तिने "उजवीकडे" असं सांगितलं. मामंजी तेव्हा दोन कारखान्यांच्या मध्ये अडकले होते, एक जर्मन आणि एक चेक. चेक लोकांकडे युद्धाआधी गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत आणि स्टिअरिंग उजवीकडे असे. झालं. "उजवीकडे" म्हटल्याबरोबर मामंजी खुर्चीतून उठलेच. आजवर कुणी न पाहिलेला चेक ट्रक, जर्मन रंगात! तीच नोंद दोनशे सतरा. तिच्यावर लेख आले, भाषणं झाली. कुणी हौशी माणसाने लाकडाचं मॉडेल करून पाठवलं.

खरी गंमत छापखान्याकडे झाली. संपादकाने मजकूर वाचला, फोटो पाहिला आणि दोन्ही जुळेनात. फोटोत स्टिअरिंग गाडीच्या डावीकडे, मजकुरात उजवीकडे. आता एवढ्या मोठ्या माणसाचं चुकेल कसं? म्हणजे फोटोच उलटा आला असणार. त्याने कुणाला न विचारता तो सुलटा, म्हणजे उलटा, करून टाकला. खंड घरी आला, सूनबाईने दोनशे सतराचं पान उघडलं. तोवर डाव्या-उजव्याची बोली ठरली होती. आपण काय करून बसलो ते तिला एका नजरेत समजलं. सांगायचं तर कुणाला? मामंजींना सांगितलं तर ते दुरुस्ती छापणार, दुरुस्ती छापली तर लोक विचारणार की स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे हे यांना दिसलं नाही का. चार वर्षं तिने त्यावर ब्र काढला नव्हता. दोनशे सतरा हा आकडा कुठे दिसला, बसवर, दुकानाच्या पाटीवर, तरी ती मान फिरवायची.

आणि आता हा शिंपी. पत्र फक्त इथेच आलं होतं. चुलीत नाही तर कचऱ्यात टाकलं की संपलं.

मामंजी डोकं पुसत आले. "काय आलंय?"

तिने पत्राची घडी घातली. उघडली. "शिंप्याचं पत्र आहे," ती म्हणाली आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचून दाखवलं.

मामंजी टॉवेल मांडीवर घेऊन बसून राहिले. ते दचकले नाहीत, चिडले नाहीत. तिनेच न राहवून सांगितलं, "चूक माझी होती, मामंजी. मी माझं उजवं सांगितलं. खंड आला त्या दिवशी मला कळलं."

"मला दोन वर्षांपूर्वी कळलं," मामंजी म्हणाले.

तिने पत्राची पुन्हा घडी घातली.

"चौथ्या खंडासाठी एक ट्रक सांगितलास. नटापर्यंत दोनशे सतरा. फक्त स्टिअरिंग डावीकडे. म्हणजे पहिल्या वेळी तू तुझं उजवं सांगितलं होतंस. डोळे गेले म्हणजे डोकंही गेलं असं वाटलं का तुला?"

तिला तो फोटो आठवला. कंटाळवाणा आहे, बाजूला ठेव, असं म्हणाले होते ते.

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी टॉवेलची कड चाचपली. "बोललो असतो तर लोकांनी विचारलं असतं, फोटो बघितला कुणी. मग तुला लोकांनी पळवली असती. संग्रहालयं काय, प्रकाशक काय. मला चुकीचा ट्रक चालला असता, सूनबाई. तू गेलेली चालली नसती."

ते इतक्या सरळ बोलले की तिला राग कुठे ठेवावा तेच समजेना. चार वर्षं ती त्यांना सांभाळतेय असं समजून गप्प होती, आणि ते तिला कोंडून ठेवायला गप्प होते. एका खोलीत, एका टेबलाच्या दोन बाजूंना, रोज सात तास.

"बरं, लिही," मामंजी एकदम मोकळ्या आवाजात म्हणाले. काहीतरी औदार्य दाखवायचं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. "शिंपीसाहेबांना लिही आणि प्रत संपादकाला पाठव. आपण दाखवलेली चूक मान्य आहे. नोंद क्रमांक दोनशे सतरामध्ये माझ्याकडून नजरचूक झाली. सारा दोष माझा. लिहिलंस?"

"नाही."

"काय झालं?"

"नजर कुणाची, मामंजी?"

त्यांनी मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं.

"नजरचूक झाली म्हणता, तर नजर कुणाची? तुम्हाला नजर आहे का?" असं बोलणं सात जन्मांत तिच्या मनात आलं नव्हतं, तोंडातून मात्र निघून गेलं. "हजारावर नोंदी आहेत. एकीवरही माझं बोट लागल्याची खूण नाही. ही एक आहे. ही एकच अशी आहे जिच्यात मी होते हे कुणालाही पुराव्याने दाखवता येईल. आणि तीही तुम्ही घेताय. बरोबर ते सगळं तुमचं. चूक तरी माझी असू द्या."

"अगं, मी तुला वाचवतोय."

"नका वाचवू. हात जोडते."

तिने खुर्ची पुढे ओढली आणि पत्र लिहिलं. मामंजींच्या नावाने नाही, स्वतःच्या. लिहायला अर्धा तास लागला, कारण 'मी' या शब्दाने वाक्य सुरू करायची तिची सवय मोडली होती. मी सहा वर्षं हे फोटो पाहते आहे. मी पाहते, मोजते आणि सांगते, आणि गेली काही वर्षं बहुतेक गाड्या मी आधी ओळखते. नोंद दोनशे सतरा माझ्यामुळे चुकली. ती कशी चुकली हे खाली लिहिते. मग तिने डाव्या-उजव्याची सगळी हकिगत लिहिली, अगदी बटणांसकट. पत्राची एक प्रत शिंप्याला, एक संपादकाला आणि एक संग्रहालयाच्या बाईंना. त्यांच्या प्रतीत आणखी एक ओळ घातली: गेल्या आठवड्यातल्या सोमवारचं पत्रही मीच टाइप केलं होतं, त्यातलं शेवटचं वाक्य खरं नाही.

हे सगळं तिने मोठ्याने वाचून दाखवलं. काहीही लपवून करायचं नव्हतं.

"माझ्या डोळ्यांचं सगळ्यांना कळेल," मामंजी म्हणाले.

"हो."

"चार दिवस थांबलीस तर?"

"नाही," ती म्हणाली. "पाठवते आहे. आता. पाठवलं."

त्यानंतर घरात तीन दिवस भांड्यांचा तेवढा आवाज. मामंजी मागच्या खोलीत फिरकले नाहीत. समोरच्या खोलीत रेडिओ लावून बसत आणि तो ऐकत नसत. शिंप्याचं नातवाच्या मेलवरून उत्तर आलं: आपण एवढं मनाला लावून घ्याल असं वाटलं असतं तर लिहिलंच नसतं, मेहुणे माझ्याशी बोलत नाहीत. एरवी दोघंही खूप हसले असते. तिने ते वाचून दाखवलं, मामंजींनी रेडिओचा आवाज वाढवला.

शनिवारी नवरा आला तो कपाळाला आठ्या घेऊनच. त्याला संपादकाचा फोन गेला होता. "बाबांना इतकं दिसत नाही आणि मला माहीत नाही?" तो म्हणाला. आधी तिच्यावर रागावला, मग वडिलांवर, मग चहा घेताना बहुतेक स्वतःवर. आणि तेवढ्यात संग्रहालयाचा फोन वाजला. प्रमुख बाई म्हणाल्या, "स्पीकरवर टाकता का? सगळ्यांनी ऐकलं तर बरं."

फोन टेबलावर ठेवून तिघं त्याच्याभोवती बसली.

"तुमचं पत्र मी तीनदा वाचलं," बाईंचा आवाज आला. "स्वतःची चूक इतकी नीट मांडलेली मी आमच्या क्षेत्रात पाहिली नाही. माझा निर्णय झालाय. पद तुमचं. नोंदींवर नाव तुमचं, पहिल्या पानावर."

सूनबाईने टेबलाची कड धरली.

"आणि तिसरा खंडही आता पुन्हा तपासावा लागेल, तोही तुमच्याकडेच. तुमच्या मामंजींचं डोकं आणि तुमची नजर, आम्हाला दोन्ही हवंय. मी काय म्हणते, वयस्कर माणूस घरात आहे, तुमची ओढाताण कशाला? पेट्या आम्हीच तिकडे पाठवतो. तुम्हाला घर सोडायचीसुद्धा गरज नाही."

"घरबसल्या!" नवरा म्हणाला. त्याच्या आठ्या पार गेल्या होत्या. "वा! यापेक्षा चांगलं काय?"

मामंजींनी इतक्या दिवसांनी तोंड उघडलं. "बघ," ते म्हणाले, आणि आवाजात खरोखर आनंद होता, "सगळं मनासारखं झालं. मागच्या खोलीत एक कपाट जास्त लागेल. खिडकीपाशी ठेवू, तशी ती बंदच असते."

दोघं तिच्याकडे वळून हसत होते. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. तिला हवं होतं ते सगळं त्यांनी तिला दिलं होतं, नाव, पद, चार हजार फोटो, आणि सगळं आणून त्याच खोलीत ठेवलं होतं. तिला मनातल्या मनात मागच्या खोलीचं दार ओढून घेतल्याचा आवाज ऐकू आला. हो म्हणायला एक श्वास पुरला असता. जन्मभर तिने अशा वेळी हो म्हटलं होतं.

"पेट्या पाठवू नका," ती म्हणाली. "मी तिकडे येते."

नवऱ्याचा कप बशीवर वाजला.

"पण अगं, आत्ताच तर..." तो म्हणाला.

"एक तारखेला येते," ती फोनला म्हणाली. "राहायची सोय आहे असं लिहिलं होतं तुम्ही."

"आहे," बाई म्हणाल्या. "नक्की ना?"

"नक्की."

फोन बंद झाला. मामंजी हात मांडीवर ठेवून बसले होते. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते लहान आवाजात म्हणाले, "मग मला कोण सांगणार?"

सहा वर्षांत त्यांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला तिच्याकडे उत्तर असे. किती नट, किती फटी, कुठली बाजू.

"मला माहीत नाही, मामंजी," ती म्हणाली.

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हनुवटीवरून गळ्यापर्यंत, आणि समोर बसून ते त्यांना दिसत नव्हतं. त्यांना वाटत असेल, ही कोरडी बसलीय. ते तिला सहन झालं नाही.

"मी रडतेय," तिने सांगितलं. "पण मी जाणार."